दहावी पिन

अंगठ्याच्या ठणक्यानं जाग येते. डोळे उघडायच्या आधीच तुम्ही उजवा अंगठा तर्जनीवर घासून बघता. काल चिकटवलेल्या पट्टीची कड सुटलीय आणि खालची कातडी अजून ओली आहे. हा अंगठा आपला नाही, हे कळायला जरा वेळ लागतो. तुमच्या अंगठ्यानं मोबाइलच्या काचेवर सरकण्यापलीकडे आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. हा मुळाशी सुजलाय, आतल्या अंगाला घट्टा पडलाय, आणि घट्ट्याच्या मधोमध चीर गेलीय.

पडदा सारता. ओहायो राज्य, ॲक्रन शहर, साल १९७०. वसंत म्हणे सुरू झालाय. खाली उभ्या गाड्यांच्या काचांना ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. हवेत रबराचा वास. फायरस्टोन, गुडइयर, गुडरिच, सगळे याच गावचे. इथं माणसं रबरावर जगतात. तुम्हीही रबरावरच जगताय, फक्त तुमचं रबर गोल आणि भरीव आहे, सोळा पौंड वजनाचं, म्हणजे सव्वासात किलो, आणि त्याला तीन भोकं आहेत.

तुम्ही बोलर आहात. आपल्याकडे बोलर म्हटला की रनअप, शिवण, अंपायरकडे वळून केलेलं अपील. इथं फलंदाजच नाही. तीन यष्ट्यांऐवजी दहा पिना, आणि ज्याला हरवायचं तो तुमच्याच बाकावर शेजारी बसून सिगारेट ओढत असतो. मॉलमध्ये भाड्याचे बूट घालून, हसत-खिदळत, एका हातात फ्रेंच फ्राइज धरून तुम्ही कधीतरी हा खेळ खेळला असाल. ते विसरा. ते आणि हे यांचं नातं नवरात्रातल्या दांडियाचं आणि लाठीकाठीचं असतं, तेवढंच.

हा आठवडा साधा नाही. जानेवारीपासून दर आठवड्याला नवं गाव झालं, आणि या दौऱ्याचा शेवट इथं आहे: फायरस्टोन टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स. आमंत्रण फक्त स्पर्धा जिंकलेल्यांना. तुम्ही एक जिंकलीय. एकच. पहिलं बक्षीस २५,००० डॉलर. साडेसात रुपयांचा डॉलर धरून तुम्ही नकळत हिशेब करता: एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. १९७० साली! मग आठवतं की हे पैसे एकालाच मिळणार आहेत, आणि मोटेलचं भाडं, पेट्रोल, जेवण मात्र प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या खिशातून भरायचंय. पगार नाही, भत्ता नाही. क्रिकेटपटूला निदान संघ तरी पोसतो.

या सगळ्याची सुरुवातही इथलीच. एडी इलायस नावाच्या ॲक्रनच्या वकिलानं १९५८ साली ३३ बोलर गोळा करून त्यांची व्यावसायिक संघटना उभी केली. त्याआधी उत्तम बोलर म्हणजे कुठल्यातरी बिअर कंपनीच्या संघात खेळणारा माणूस. आता दर शनिवारी दुपारी एबीसी वाहिनीवर ख्रिस शेंकेल आपल्या मऊ आवाजात देशाला त्यांची नावं सांगतो. देश दौऱ्याचा तेवढाच भाग बघतो. सोमवार ते शुक्रवार कुणी दाखवत नाही.

सोमवारी तुम्ही गाडी रिकामी करता. डिकीत सहा बॉल, म्हणून गाडीचं मागचं अंग आठवडेच्या आठवडे खाली दबलेलं. मंगळवार हौशी लोकांबरोबर फोटो काढण्यात जातो. कुणी दंतवैद्य विचारतो, मनगट असं ठेवू की तसं? तुम्ही काहीतरी सांगता. तो खूश होतो.

खरा खेळ बुधवारी सुरू होतो, आणि तो पिनांशी नसून लाकडाशी आहे.

रिव्हिएरा लेन्समध्ये शिरल्यावर धूर, मेणाचा वास आणि सततचा गडगडाट. फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत साठ फूट, क्रिकेटच्या खेळपट्टीहून सहा फूट कमी. रुंदी जेमतेम साडेतीन फूट. त्या रुंदीत ३९ फळ्या उभ्या जोडलेल्या, पुढचा भाग मेपलचा, मधला पाइनचा. वर लॅकर, लॅकरवर तेलाचा हात. हे तेल डोळ्यांना दिसत नाही. ते बॉल सांगतो. तेलावर बॉल घसरतो, तेल संपलं की लाकडाला पकडतो आणि डावीकडे वळतो. तो कुठं पकडणार हे ओळखता आलं तर तुमची रोजीरोटी चालते.

आणि तेल एका जागी राहत नाही. प्रत्येक बॉल जाताना थोडं उचलून नेतो. सकाळी दहाव्या फळीवरून टाकलेला बॉल पहिली आणि तिसरी पिन यांच्या बरोबर फटीत घुसत होता. दोन गेमनंतर तोच बॉल, तेच मनगट, तीच फळी, आणि तो वेळेआधी वळून पहिल्या पिनेच्या डाव्या गालावर जातो. तुम्ही काहीच चुकलेलं नसतं. जमीन बदललेली असते. मग दोन फळ्या डावीकडे सरका. पुढच्या गेमला लेनची पुढची जोडी, तिथं आणखी कुणाकुणाच्या बॉलनी तेल कुठं कुठं चाटलंय देव जाणे. फिरकी गोलंदाज पाचव्या दिवसाची खेळपट्टी वाचतो ना, तसं. फक्त इथं पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंतचा प्रवास एका सकाळीत होतो.

म्हणूनच कपडे बदलायच्या खोलीत डावखुऱ्यांबद्दल फार प्रेमानं बोललं जात नाही. ते मोजकेच, त्यामुळे लेनची त्यांची बाजू दुपारपर्यंत कोरी राहते. डावखुऱ्या डेव्ह डेव्हिसनं १९६८ साली हीच स्पर्धा जिंकली, तेव्हापासून तर कुरकुर जास्तच. उजवे म्हणतात, त्यांना रस्ता मोकळा. डावे म्हणतात, मग तुम्हीही डाव्या हातानं टाका. दोघांचंही खरं आहे.

तुमच्या पाळीआधी तुम्ही कोपऱ्यात बसून अंगठ्याचा शृंगार करता. आधी चीर कोरडी करायची. मग कोलोडियन या कातडीवर सुकून बसणाऱ्या चिकट द्रवाचा थेंब. तो असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. त्यावर नखाएवढा कापडाचा तुकडा, त्यावर पुन्हा थेंब, मग फुंकर. बॉलच्या अंगठ्याच्या भोकात टेपच्या पट्ट्या लावलेल्या असतात. सकाळी अंगठा सुजलेला, तेव्हा एक पट्टी काढायची. दुपारी सूज उतरली की परत लावायची. भोक ढिलं झालं तर बॉल हातात आवळून धरावा लागतो, आवळला की मनगट आखडतं, मनगट आखडलं की सगळंच गेलं. साठ फुटांवरच्या पडझडीचं मूळ कागदाएवढ्या जाड टेपमध्ये असू शकतं. आजूबाजूला जगातले सर्वोत्तम बोलर बसलेत आणि सगळे आपापल्या अंगठ्याकडे बघतायत.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे जी यांतल्या कुणालाच ठाऊक नाही. तीन वर्षांनी, १९७३ साली, डॉन मॅक्यून नावाचा बोलर मिथिल इथिल कीटोन या द्रावणात बॉल भिजवून त्याची कातडी मऊ करील. मऊ बॉल लाकडाला जास्त पकडतो. तो एका वर्षात सहा स्पर्धा जिंकेल. बाकीचे त्याची नक्कल करतील, मोटेलांच्या न्हाणीघरांत भडकन पेटणाऱ्या रसायनाच्या बादल्या दिसू लागतील, आणि मग बॉल किती मऊ चालेल याचा नियम येईल. मोटेलसमोरच हार्डवेअरचं दुकान आहे. येता-जाता तुमचे हात शिवशिवतात. पण इतिहासात लुडबुड करायची नाही एवढ्या अटीवर तुम्हाला इथं पाठवलंय, तेव्हा मुकाट बसा.

गुरुवार. शुक्रवार. गेममागून गेम. स्ट्राइकचं, म्हणजे पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना पाडण्याचं, एक अंकगणित आहे, ते तुम्हाला आता झोपेतही दिसतं. नीट पडलेल्या स्ट्राइकमध्ये बॉल दहांपैकी चारच पिनांना शिवतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. एक दोनला, दोन चारला, चार सातला. पलीकडे तीन सहाला आणि सहा दहाला. म्हणजे उजव्या कोपऱ्यातल्या दहाव्या पिनेशी तुमचा थेट संबंधच येत नाही. तुम्ही तिच्या शेजारणीच्या शेजारणीला धक्का दिलेला असतो. सहावी जरा वर उडाली, दहावीच्या मानेला वळसा घालून गेली, की नऊ आडव्या आणि एक उभी. टाकलेला बॉल मात्र हुबेहूब मागच्या स्ट्राइकसारखाच.

शुक्रवारच्या शेवटच्या गेममध्ये तुमच्या चार दहाव्या पिना उभ्या राहतात. तीन तुम्ही दुसऱ्या बॉलनं पाडता. चौथीच्या वेळी अंगठ्यावरची पट्टी निघते, अंगठा भोकात क्षणभर अडकतो आणि बॉल गटारात. भिंतीवर यादी लागते. कटच्या, म्हणजे पुढे जाणाऱ्यांच्या, रेषेखालचं पहिलंच नाव तुमचं. रेषेच्या वरच्या माणसात आणि तुमच्यात चार पिनांचं अंतर, सगळ्या गेमांची बेरीज मिळून. दरवर्षी कुणीतरी त्या जागी असतंच. पण ते वाक्य आज तुमच्या पोटात उतरत नाही. तुम्हाला ती चौथी पिनच दिसत राहते.

मोटेलच्या बाहेरच्या फोनवरून तुम्ही घरी फोन लावता. लावता म्हणजे ऑपरेटरला ठरलेलं एक नाव सांगता आणि ‘याच माणसाशी बोलायचंय’ म्हणता. नाव खोटं आहे. पलीकडून बायको सांगते, ते घरी नाहीत. फोन बंद, पैसे शून्य, निरोप पोचला: कट हुकला. दुसरं नाव सांगितलं असतं तर अर्थ वेगळा होता. आपल्याकडच्या मिस्ड कॉलची ही सख्खी आजी. फक्त आज ‘ते घरी नाहीत’ म्हणताना तिचा आवाज थोडा थांबला. ऑपरेटर मधे होती, म्हणून तुम्हाला काही विचारता आलं नाही.

शनिवारी निघून जाता आलं असतं. हरलेले बहुतेक निघतातच. पण तुम्ही थांबता, कारण आज काय होणार ते तुम्हाला माहीत आहे.

पाच जण उरलेत. टीव्हीचे दिवे इतके प्रखर की लेनवरचं तेल आज वेगळंच वागणार, हे तुम्हाला बाकड्यावरूनही कळतं. शेंकेलच्या शेजारी बिली वेलू बसलाय, तोही बोलरच. शेवटचा सामना: विस्कॉन्सिनचा डिक रिटगर आणि इंडियानातल्या कोकोमो गावचा डॉन जॉन्सन. जॉन्सन शिडशिडीत. स्ट्राइक. स्ट्राइक. आधी कुणाचं लक्ष नसतं. पाचव्या-सहाव्या स्ट्राइकनंतर लोक खोकायचे थांबतात. रिटगर काही वाईट खेळत नाहीये, त्याचे २६८ होतील, तेवढ्यांवर एखाद्या वर्षी माणूस ही स्पर्धा सहज जिंकेल. पण इकडे आठ, नऊ, दहा. सलग बारा स्ट्राइक पडले की ३०० गुण, त्याच्यापुढे आकडा नाही. १९६७ साली याच स्पर्धेत जॅक बियोंडोलिल्लोनं टीव्हीवर पहिल्यांदा ३०० केले होते, आणि त्याची आठवण इथल्या प्रत्येक डोक्यात आहे. आज ३०० झाले तर २५,००० वर आणखी १०,००० डॉलर आणि नवी कोरी मर्क्युरी कूगर गाडी.

अकरा.

सामना तर कधीच संपलाय. जॉन्सन जिंकलाय, आता गटारात टाकला तरी जिंकलाय. तरी तो बॉल उचलतो तेव्हा तुमचा स्वतःचा अंगठा ठणकतो. तुम्हाला माहीत आहे काय होणार. पंचावन्न वर्षांनी लोक त्याचा फोटो बघतायत, तुम्हीही बघितलाय. आणि तरीही, लाजेची गोष्ट, तुम्ही मनात म्हणता: पड गं बाई.

बॉल सुटतो. फटीत जातो. आवाजही तोच, अकरा वेळा आला तो. नऊ पिना आडव्या होतात.

जॉन्सन तिथंच, रेषेच्या अलीकडे, जमिनीवर पालथा पडतो. तोंड लाकडात. टाळ्या वाजतात, थांबतात, पुन्हा वाजतात, कारण टाळ्या कशासाठी हे लोकांना कळत नाही. २९९. नुकताच २५,००० डॉलर जिंकलेला माणूस दहाव्या पिनेपायी आडवा झालाय.

यंत्राला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्या हिशेबी हा एका डावाचा पहिला बॉल होता आणि एक पिन शिल्लक आहे. चौकट खाली येते, दहाव्या पिनेला मानेशी अलगद धरून वर उचलते. दांडी फिरते, पडलेल्या नऊ ओढून मागे नेते. मग चौकट परत उतरते, ती पिन होती तिथंच, तसूभरही न हलवता ठेवते, आणि वर जाऊन दुसऱ्या बॉलची वाट बघत थांबते.