बांधणी व वस्त्ररंजन, सोलापुरातील

कापडाचे काही भाग दोऱ्याने आवळून, दुमडून किंवा टाके घालून रंगापासून राखावयाचे आणि उरलेले कापड रंगवून नक्षी उठवावयाची, या रंजनपद्धतीस बांधणी म्हणतात. हे नाव ‘बंध्’ या संस्कृत धातूवरून आले आहे. येथे नक्षी रंग अडविल्यामुळे उमटते. कच्छ, सौराष्ट्र व राजस्थान ही बांधणीची भारतातील प्रमुख केंद्रे होत. जपानमधील शिबोरी ही याच वर्गातील कला आहे. सोलापुरात मुख्यतः सूत रंगविण्याची परंपरा आहे. तेथे किंवा अन्यत्र घरच्या घरी, आपल्या मनाजोगत्या नक्षीचा सदरा पक्क्या रंगात रंगविणे सुलभ झाले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

इतिहास : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवर बांधणीसारखे ठिपके दिसतात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचे वर्णन आहे. त्यात नाना प्रकारची नक्षी काढण्यात निपुण अशा नगरातील वृद्ध स्त्रिया वस्त्रांना गाठी बांधीत आहेत व रंजक ती रंगवीत आहेत. ही श्रमविभागणी लक्षणीय आहे. कच्छमध्येही गाठी मारण्याचे काम स्त्रिया घरी करतात व रंगविण्याचे काम परंपरेने खत्री कारागिरांकडे असते. गाठ घरात बांधता येई. रंगासाठी मात्र रंगाऱ्याकडे जावे लागे. याचे कारण रंजनाच्या रसायनात आहे. मंजिष्ठ किंवा आल यांचा तांबडा रंग सुतावर बसण्यास तुरटीसारखे रंगबंधक लागते. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती पिंपात आंबवून विद्राव्य करावी लागते. असे पिंप राखणे हे अनुभवी माणसाचे काम होते.

सोलापूर भागात निळीचे रंजन करणाऱ्यांचा निराळी हा स्वतंत्र व्यावसायिक समाज होता. शहरात साळी, कोष्टी, मोमीन यांच्याबरोबर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा व्यवसाय वाढविला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी निघाली. या शहराच्या वस्त्रात रंगाचे स्थान विणकामापूर्वीचे आहे. आधी सूत रंगवावयाचे आणि मग त्याच्या गुंफणीतून नक्षी साधावयाची, असा येथील क्रम आहे. जॅकार्ड यंत्रणेच्या मागावर विणलेल्या सोलापुरी चादरीची फुले व वेलबुट्टी अशीच तयार होते. या चादरीस २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

कृत्रिम रंजकांनी रंगाऱ्याचे जुने ज्ञान मागे टाकले. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंजक बनविला. १८६८ मध्ये मंजिष्ठातील अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. तरीही पक्का रंग घरी चढविणे सोपे झाले नाही. अनेक रंजकांना उष्णता वा तीव्र रसायने लागत. १९५६ मध्ये इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीने विक्रियाशील रंजक विक्रीस आणले. कोमट पाण्यात, अल्कलीच्या साहाय्याने ते सुताच्या सेल्युलोजाशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पूर्वी रंगाऱ्याच्या हाती असलेला अर्धा भाग अशा रीतीने घरात आला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तरुणांमध्ये बांधणीचे सदरे लोकप्रिय झाले.

कृती : सदरा निव्वळ सुती असावा, पॉलिएस्टरवर हे रंजक बसत नाहीत व मिश्र कापडावर रंग फिका येतो. नव्या कापडाची खळ धुऊन काढतात. नंतर नक्षीचा आराखडा पेन्सिलीने आखतात. ठिपक्यांसाठी हरभऱ्याचे दाणे कापडात बांधतात, चक्रासाठी मधोमध चिमटा धरून कापड पिळतात आणि अक्षर वा पानासारख्या ठराविक आकृतीसाठी रेषेवर धावदोरा घालून तो ओढतात. बांधलेला सदरा एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून भिजवितात, निथळवितात व फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जात रंग घालतात. मग तो ओला राहील असा गुंडाळून रात्रभर ठेवतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. सकाळी प्रथम गार पाण्याने व नंतर गरम साबणपाण्याने धुऊन गाठी सोडतात.

रंजकाची पूड श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे, हातमोजे वापरावेत आणि रंगाची भांडी स्वयंपाकास घेऊ नयेत. काही ॲझो रंजकांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटत असल्यामुळे अशा रंजकांवर भारतात १९९७ मध्ये बंदी घालण्यात आली. विक्रियाशील रंजकाचा काही भाग सुताला न चिकटता पाण्यातच उरतो. म्हणून हे पाणी विहिरीत वा नाल्यात सोडणे योग्य नव्हे.

रंजनाची सोय झाली, तरी गाठीचे कसब यंत्राने दिलेले नाही. गाठ सैल राहिली तर रंग आत शिरतो व पांढरा ठिपका मळतो. हर्षचरितातील वृद्ध स्त्रियांचे नैपुण्य आजही हाताच्याच सरावाने येते.