प्रसरण सांधे आणि फ्लिक्सबरो दुर्घटना (१९७४) : एक ऐतिहासिक अभ्यास

औद्योगिक इतिहासाच्या मराठी लेखनात यंत्रांचा व कामगार चळवळींचा विचार बराच झालेला दिसतो. नळवाहिन्यांसारख्या दुय्यम मानल्या गेलेल्या घटकांकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात प्रसरण सांधा या घटकाचे कार्य आणि त्याच्याशी निगडित एका दुर्घटनेचा परामर्श घेतला आहे.

पोलाद तापले की लांबते. शंभर मीटर लांबीच्या पोलादी नळाचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढल्यास त्याची लांबी सुमारे १२० मिलिमीटरने वाढते. दोन्ही टोके जखडून ही वाढ रोखली, तर सामान्य पोलादाची सहनमर्यादा जवळजवळ गाठणारा ताण निर्माण होतो. वाफेच्या युगात यावर वळणदार नळ आणि एकात एक सरकणारे सांधे हे उपाय योजले गेले. विसाव्या शतकात पातळ पत्र्याच्या वलयाकार घड्यांचा सांधा रूढ झाला. लोहाराच्या भात्याप्रमाणे तो दबतो व ताणला जातो, म्हणून त्यास भाता म्हणणेच सयुक्तिक ठरेल. परंतु जो लवचिकपणा त्याचा गुण, तोच त्याचा दोष. आतील दाब भात्याला लांबवू पाहतो आणि हे बल भाता स्वतः पेलू शकत नाही. ते नळाच्या आधारांनी वा भोवतालच्या बंधदांड्यांनी पेलावे लागते.

इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठी फ्लिक्सबरो येथे नायप्रो कंपनीच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनपासून नायलॉनचा कच्चा माल असलेले कॅप्रोलॅक्टम तयार होत असे. सहा रिअ‍ॅक्टर उतरत्या पायऱ्यांप्रमाणे मांडलेले होते आणि ते २८ इंची भातेयुक्त नळांनी जोडलेले होते. तापमान सुमारे १५५ अंश आणि दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ८.८ किलोग्रॅम असे. २७ मार्च १९७४ रोजी पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेल्याचे आढळले. तो काढून चौथा व सहावा परस्परांना जोडण्याचे ठरले. हाताशी असलेला सर्वांत मोठा नळ २० इंची होता. पातळीतील फरकामुळे त्याला दोन ठिकाणी कोन द्यावे लागले आणि दोन्ही टोकांचे भाते तसेच ठेवण्यात आले. या जोडणीचा आराखडा कागदावर नव्हे, तर कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढला गेला होता.

दोष नेमका येथेच होता. दोन टोकांवरील बले एका रेषेत नसल्याने सुमारे ३८ टनांचे बल नळाला पिळवटू लागले आणि भात्यांवर आडवा भार आला. नळाखाली केवळ बांधकामाच्या परांचीचा आधार होता. गणित केले गेले, पण ते सरळ नळाचे. भाते बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शक सूचना व ब्रिटिश मानक कोणीही पाहिले नाही. चाचणी ९ किलोग्रॅम दाबाची झाली. सुरक्षा झडप मात्र ११ ला उघडणारी होती. कारखान्याच्या प्रमुख यांत्रिकी अभियंत्याचे पद त्या वेळी रिक्त होते, ही बाब येथे विशेष लक्षणीय आहे.

१ एप्रिलला उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि सुमारे दोन महिने ही जोडणी टिकली. शनिवार, १ जून १९७४ रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १८ नियंत्रणकक्षात होते. आठवड्याच्या कामकाजाचा दिवस असता तर कार्यालयातील कर्मचारीही त्यात सापडले असते. परिसरातील सुमारे १,८०० घरांचे नुकसान झाले.

रॉजर पार्कर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने १९७५ मध्ये तात्पुरता नळ तुटणे हेच कारण ठरवले. आठ इंची दुसरा नळ आधी फाटला, हे प्रतिपादन न्यायालयाने अमान्य केले. तथापि तज्ज्ञांतील वाद त्यानंतरही शमला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या वादापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. नळ कोणत्याही क्रमाने तुटला असो, त्याच्या रचनेची तपासणी करण्याची जबाबदारी संस्थेत कोणाकडेच नव्हती, हे सर्वच पक्षांच्या मांडणीतून निष्पन्न होते. दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये मोठ्या धोक्यांविषयीची सल्लागार समिती नेमली गेली आणि संयंत्रातील प्रत्येक फेरबदल, तो तात्पुरता असला तरी, मूळ आराखड्याइतक्याच काटेकोरपणे तपासावा हा दंडक रासायनिक उद्योगात हळूहळू रुजला.