रात्रीचें माप : शीत देशांत घरांत वाढलेली भांग

भांगेचें झाड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें महाशिवरात्रीची थंडाई, साधूची चिलीम किंवा हिमालयाच्या उतारावरील रान उभें राहतें. बाहेर बर्फ पडत आहे, दारें-खिडक्या बंद आहेत, आणि तळघरांत विजेच्या दिव्याखालीं हें झाड वाढत आहे, असें चित्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि कॅनडा व जर्मनी यांसारख्या थंड देशांत आज तें प्रत्यक्ष दिसतें, आणि कायद्याच्या संमतीनें दिसतें. हें झाड उत्तरेच्या घरांत कसें शिरलें व त्याच्या मागोमाग उंबरठ्यापर्यंत कोण कोण आलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. झाड कसें लावावें हें शिकविण्याचा येथें हेतु नाहीं. आपल्या देशांत परवान्यावांचून तसें करणें हा गुन्हा आहे. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, उत्तरेच्या माणसाला या झाडासाठीं ऊब मिळविणें फारसें कठीण गेलें नाहीं. कठीण गेली ती रात्र.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें झाड उत्तरेला अगदींच परकें होतें असें नाहीं. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील शक लोकांचें वर्णन केलें आहे. हे लोक लहानशा तंबूंत तापलेल्या दगडांवर भांगेचें बीं टाकीत व त्याची धुरी घेऊन आनंदानें आरोळ्या मारीत, असें तो लिहितो. ही हकीकत केवळ दंतकथा नव्हती याचा पुरावा पुढें जमिनींतूनच निघाला. सर्गेई रुदेंको या रशियन संशोधकानें आल्ताई पर्वतांतील पाझिरिक येथील थडगीं १९२९ सालीं, व पुन्हां १९४७ ते १९४९ या काळांत, उकरलीं. तेव्हां शतकानुशतकें गोठून राहिलेल्या त्या थडग्यांत धुरीचीं भांडीं, दगड व भांगेचें बीं हीं सर्व सांपडलीं. अठराव्या शतकांत रिगा व सेंट पीटर्सबर्ग या बंदरांतून रशियन भांगेचा वाख इंग्लंडला जाई, व त्या वाखाच्या दोरांवर इंग्रजी आरमाराचीं गलबतें चालत.

अर्थात् थंडी हा या झाडाचा जन्मवैरी नव्हे. मात्र वाखाचें झाड हें उन्हाळ्यांत उघड्या शेतांत वाढणारें पीक होतें. फुलांवरील राळेकरितां जोपासलेलें दक्षिणेचें झाड निराळ्या वळणाचें. लिनिअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं या वनस्पतीस शास्त्रीय नांव दिलें. १७८५ सालीं लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील झाड वेगळ्या जातीचें ठरवून त्यास ‘इंडिका’ म्हटलें. या दोन जाती कीं एकाच जातीचीं दोन रूपें, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

घरांत कुंडींत भांग लावून तिचा वृत्तांत लिहून ठेवणारा उत्तरेचा एक नामांकित पुरुष म्हणजे हाच लिनिअस होय. तो उप्साला येथील विद्यापीठांत अध्यापक होता. वनस्पतींत नर-मादी हा भेद खरोखर असतो काय, या प्रश्नावर सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान-परिषदेनें १७५९ सालीं बक्षीस जाहीर केलें, व १७६० सालीं तें लिनिअसच्या निबंधास मिळालें. त्यांत कुंड्यांचा एक सुंदर प्रयोग आहे. एप्रिल महिन्यांत त्यानें दोन कुंड्यांत भांगेचें बीं पेरलें, आणि त्या कुंड्या एकमेकींपासून दूरच्या खोल्यांत खिडकीपाशीं ठेविल्या. एका कुंडींत नर व मादी दोन्हीं राहूं दिलीं. तिच्यांत जुलैमध्यें बीं तयार झालें. दुसऱ्या कुंडींतील नराचीं झाडें ओळखूं येतांच काढून टाकिलीं. त्या कुंडींतील मादीचीं फुलें पहिलींतल्या फुलांपेक्षां कितीतरी अधिक दिवस टवटवीत राहिलीं, पण शेवटीं बीं न धरतां सुकून गेलीं. वनस्पतींच्या लिंगभेदाची ही साक्ष त्यानें परिषदेपुढें ठेविली. त्यापूर्वीं १६९४ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें कामेरारियस यानें इतर झाडांबरोबर भांगेवरहि असेच प्रयोग करून पाहिले होते.

लिनिअसला जें शास्त्रासाठीं पाहावयाचें होतें, तें आपल्याकडील शेतकऱ्यास धंद्यामुळें ठाऊक होतें. इंग्लंडच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं नेमलेल्या ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’नें १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या व १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतांतील खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यांतील अहमदनगर, म्हणजे सध्यांचें अहिल्यानगर, या भागांतील गांजाच्या शेतीची माहिती त्यांत आली आहे. नौगावकडे तर नराचीं झाडें ओळखून उपटण्यासाठीं पोद्दार नांवाचा जाणकार मजुरी देऊन बोलावीत. बीं धरलेल्या फुलांपेक्षां न धरलेल्या फुलांत राळ अधिक, हें त्या व्यवसायाचें मर्म होतें. उप्सालाच्या पंडितानें व नौगावच्या पोद्दारानें एकच गोष्ट दोन टोकांकडून ओळखली होती. मात्र पोद्दाराला एक काळजी नव्हती. त्याचें पीक पावसाळ्याच्या अखेरीस लागे, रात्री आपोआप वाढत जात, आणि हिंवाळ्यांत फूल आपोआप येई. रात्रीचा हिशेब आकाश ठेवीत होतें.

उत्तरेस तो हिशेब निराळा आहे. पुण्यास वर्षांतला सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा. उप्सालास तोच जवळजवळ एकोणीस तासांचा असतो. या फरकाचा फुलांशीं संबंध आहे, हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. पॅरिसमध्यें ज्यूलियें तूर्न्वा नांवाचा एक तरुण संशोधक जपानी हॉप व भांग यांवर प्रयोग करीत होता. हिंवाळ्यांत काचघरांत पेरलेलीं हीं झाडें अगदीं लहान असतांनाच फुलतात, असें त्याला आढळलें. त्यानें झाडांस दिवसाचा प्रकाश मुद्दाम थोडे तासच मिळूं दिला, आणि फुलें पुन्हां लवकर आलीं. रात्रीच्या लांबीचा हा परिणाम असावा, असा निष्कर्ष त्यानें काढला. पण १९१४ सालीं महायुद्धांत तो मारला गेला व तें सूत्र तेथेंच तुटलें. पुढें अमेरिकेंत गार्नर व अॅलर्ड या दोघांनीं तंबाखूच्या एका राक्षसी वाणावर तोच शोध स्वतंत्रपणें लावला. उन्हाळ्यांत दुपारींच झाडें अंधाऱ्या खोपटांत ढकलून ठेवल्याबरोबर त्यांना फूल आलें. १९२० सालीं त्यांनीं हा सिद्धान्त प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्यास दीप्तिकालिता म्हणतात. १९३८ सालीं हॅमनर व बॉनर यांनीं आणखी दाखविलें कीं, अशा झाडांना महत्त्व दिवसापेक्षां अखंड रात्रीचें असतें. मध्यरात्रीं थोडा वेळ दिवा लावला तरी रात्र मोडते व फूल लांबतें. शाळेंतील मुलें जशीं सुटीच्या घंटेकडे कान लावून असतात, तसें हें झाड रात्रीच्या लांबीकडे लक्ष ठेवून असतें.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे उत्तरेची अडचण स्पष्ट होते. तेथील वाखाचें झाड पिढ्यान् पिढ्या लांब दिवसांना सरावलेलें, म्हणून वेळेवर फुलणारें. दक्षिणेचें बीं तेथें नेलें तर तें सारा उन्हाळा नुसतें उंच होत राहतें, आणि त्याला फुलण्याची घंटा ऐकूं येते तेव्हां दारांत हिंव येऊन ठेपलेलें असतें. म्हणून तें घरांत आणावें लागलें. येथेंच नवशिक्याचा गैरसमज होतो. विनिपेगसारख्या शहरीं जानेवारींत पारा शून्याखालीं वीस अंशांवर उतरतो. तेव्हां या झाडाला हवी ती शेगडी, असें त्याला वाटतें. शेगडी तर त्या घरांत आधींच असते. नसते ती दोन गोष्टींची सोय : हिंवाळ्यांत सूर्य, आणि बारा तासांचा निर्मळ काळोख. दाराच्या फटींतून येणारा दिव्याचा कवडसा त्या झाडाच्या दृष्टीनें पहाटच होय.

सूर्याची उणीव विजेनें भरून काढली. विल्यम सीमेन्स यानें १८८० सालीं आपले विजेच्या दिव्याखालीं झाडें वाढविण्याचे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडले होते. पुढें सोडियमचे प्रखर दिवे व अलीकडे एलईडी दिवे आले. दुसरी एक वाट रशियांतून निघाली. १९२४ सालीं यानिशेव्स्की यानें व्होल्गाकांठच्या रानटी भांगेस ‘रुडेरालिस’ असें वेगळें नांव दिलें. हें ठेंगणें झाड रात्रीची फारशी पर्वा न करतां वयांत येतांच फुलतें. त्याच्या संकरापासून काढलेले वाण आज उत्तरेकडील नवशिक्यांच्या हातीं विशेष दिसतात.

परंतु झाड घरांत गेलें तें केवळ हिंवाला भिऊन नव्हे, कायद्यालाहि भिऊन. कॅनडानें १९२३ सालीं व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १९३७ सालीं त्यावर निर्बंध घातले. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन सरकार विमानांतून शेतें हुडकून उपटूं लागलें, तेव्हां लागवड छपराखालीं गेली. दिवे तापतात, भिंती तापतात. म्हणून पोलीस उष्णता टिपणारें यंत्र घेऊन घराबाहेर उभे राहिले. भिंतीच्या उबेवरून आंतील गोष्ट ताडणें ही झडती होय काय, हा प्रश्न न्यायालयांत गेला. २००१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं ही झडतीच आहे व तीस वॉरंट पाहिजे. २००४ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें उलट निर्णय दिला : विमानांतून टिपलेली ऊब घरांतील खाजगी आयुष्य उघड करीत नाहीं. एकच झाड, एकच यंत्र, शेजारशेजारचे देश. पण घर कोठें संपतें याचें उत्तर दोन तऱ्हांचें.

पुढें १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं कॅनडानें प्रत्येक घरास चार झाडांची मुभा दिली. क्वेबेक प्रांतानें तेवढीहि नाकारली, व त्याचा तो अधिकार सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं मान्य केला. जर्मनीनें १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास तीन झाडांची परवानगी दिली. स्वीडनमध्यें मात्र घरगुती लागवडीस बंदीच आहे. ज्या खिडकींतल्या कुंडीनें लिनिअसला बक्षीस मिळवून दिलें, ती आज तेथें पोलिसांचा विषय होईल.

या मोकळीकीचा खर्चहि पाहिला पाहिजे. सूर्याचें काम विजेकडून करून घेणें स्वस्त नसतें. अमेरिकेंतील घराआडची लागवड देशाच्या एकूण विजेपैकीं सुमारें एक टक्का वीज खाते, असा अंदाज २०१२ सालच्या एका अभ्यासांत केलेला आहे. शिवाय बंद खोलींतील दमटपणानें भिंतींना बुरशी येते ती निराळीच. जें पोद्दाराला आकाशाकडून फुकट मिळत होतें, त्याचें बिल उत्तरेला महिन्याच्या महिन्याला भरावें लागतें.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पानांना मात्र ‘गांजा’च्या व्याख्येंतून वगळलें आहे. कमिशननें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं सरसकट बंदी अनावश्यक ठरविली होती, आणि अतिसेवनाचे अपायहि नोंदले होते. त्यांतील कोणतें वचन आज अधिक लक्षांत ठेवावें, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. इतिहास मात्र एवढें दाखवितो कीं, माणूस एखादें झाड ज्या दिवशीं घरांत घेतो, त्या दिवशीं तो शास्त्रालाहि आंत घेतो. आणि शास्त्राच्या पाठोपाठ सरकार उंबरठ्याशीं येऊन उभें राहतें. रात्र किती लांब असावी हें झाडानें केव्हांच ठरवून टाकिलें आहे. उंबरठा किती उंच असावा, हें माणसांचें अजून ठरावयाचें आहे.