बॉम्ब टाकणाऱ्यांची आठवण

आमच्या डहाणू-तलासरीला सर्वात जवळ झालेला हवाई हल्ला दमणवरचा. 18 डिसेंबर 1961 ला पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण पोर्तुगीज हद्दीत शिरली आणि हवाई दलाच्या मिस्तेर विमानांनी तिथल्या तोफांवर 14 फेऱ्या मारल्या. त्याच दिवशी पुण्याहून निघालेल्या 12 कॅनबेरा बॉम्बर विमानांनी गोव्यात दाभोळीची धावपट्टी फोडली. वैमानिकांना बजावून ठेवलं होतं की धावपट्टी मोडा, टर्मिनलच्या इमारतीला हात लावू नका. पणजी, मडगाव ही शहरं लक्ष्यच नव्हती.

यात दयेचा भाग किती, हे सांगणं कठीण आहे. ती माणसं आणि ती गावं आपलीच म्हणून घ्यायची होती, हे मला जास्त खरं वाटतं. माणूस आपला मानला की बॉम्ब जपून पडतो. शत्रूचा मानला की काय होतं, ते युरोपात दिसलं.

त्या युद्धात शैलेंद्र एकनाथ सुखटणकर नावाचे एक हिंदी अधिकारी ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते. आडनाव आपल्याच किनाऱ्यावरचं. लँकॅस्टर विमानांतून ते जर्मनीवर गेले आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. लँकॅस्टरमध्ये सात जण असत. त्यातला नॅव्हिगेटर पडद्याआड, छोट्या दिव्याखाली नकाशा पसरून बसे. वारा किती, वेग किती, वळायचं केव्हा, हीच त्याची लढाई. खाली जळणारं शहर न पाहता परतलेले नॅव्हिगेटर थोडेथोडके नव्हते. पण त्यांच्या गणिताशिवाय विमान तिथवर पोचलंच नसतं.

आणि पोचायचं कुठे, ते वरून ठरलेलं असे. 14 फेब्रुवारी 1942 च्या आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य मोडायचं. साध्या भाषेत, कामगार जिथे बायकापोरांसह झोपतो ती वस्ती जाळायची. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गला आगीचं वादळ उठलं आणि तीस हजारांहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेनला सुमारे 25 हजार.

सुरुवात जर्मनांनी केली होती, हे विसरून चालणार नाही. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री ही नावं आधीची आहेत. पण रॉटरडॅमचा हिशेब हॅम्बुर्गच्या तळघरात गुदमरलेल्या पोराकडून कसा वसूल करायचा? ‘त्यांनी आधी केलं’ हे वाक्य मला प्रत्येक युद्धात ऐकू येतं आणि दर वेळी ते भलत्याच माणसाच्या अंगावर पडतं.

दोष सुखटणकरांसारख्यांच्या माथी मारावा, असंही मला वाटत नाही. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख उड्डाणसैनिकांपैकी 55,573 मेले. बहुतेक विशी-बाविशीची पोरं. हुकूम देणारे मात्र पुढे अंग काढून घेऊ लागले. 28 मार्च 1945 च्या टिपणात खुद्द चर्चिल विचारतात की निव्वळ दहशत वाढवण्यासाठी चाललेल्या या बॉम्बफेकीचा आता फेरविचार करायला नको का. लष्करी वरिष्ठांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी ते टिपण मागे घेऊन शब्द सौम्य केले. विजयानंतर या सैनिकांना वेगळं मोहीमपदकही मिळालं नाही. जिवंत असताना कामाचे, युद्ध संपल्यावर अडचणीचे.

आपल्याकडे मयतीत आपण आधी दुआ मागतो. मेलेल्याचे हिशेब तिथे काढत नाही. या पोरांसाठी मला तेवढं मन मोठं करता येतं. ज्यांनी मेजावर बसून शहरांच्या याद्या केल्या, त्यांच्यासाठी नाही.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक उभं राहायला 28 जून 2012 उजाडावं लागलं. आत सात जणांच्या क्रूचे ब्राँझचे पुतळे आहेत, मोहिमेवरून परत आलेले. वर कोरलेल्या मजकुरात 1939 ते 1945 च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचाही उल्लेख आहे. म्हणजे हॅम्बुर्गचे लोकही त्यात आले. जर्मनी असं नाव घेऊन मात्र लिहिलेलं नाही.