नकाशावर नसलेला मोचनगड

शिवकालीन किल्ल्यांच्या यादीत मोचनगड शोधू नका. तो रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी कल्पनेतून उभारला. गुंजीकर जन्मले १८४३ साली, बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीस. मराठी-कानडी सीमेवरच्या सह्याद्रीच्या रानात.

‘विविधज्ञानविस्तार’चे ते आद्य संपादक. त्याच मासिकातून क्रमशः आलेली ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. त्यापूर्वी गाजलेली ‘मुक्तामाला’ (१८६१) निव्वळ अद्भुतरम्य होती. येथे गड कल्पित, काळ मात्र शिवरायांचा.

लक्षात घ्या, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला १८९८ साली, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी. अस्सल पत्रांचा असा आधार नसताना ज्ञात घटना वाकविण्याऐवजी गुंजीकरांनी किल्लाच नवा रचला. मला हा संयम कादंबरीतील साहसाहूनही मोठा वाटतो.