तोरमल्ली : एक रत्ननाम आणि तेरचे मणी

रत्नांच्या बाजारात नाव व खडा यांची सांगड नेहमीच जुळते असे नाही. ‘तोरमल्ली’ हा शब्द त्याचे ठळक उदाहरण होय. टुर्मलीन या पाश्चात्त्य नावाचे मूळ असलेल्या सिंहली शब्दाचा कोशगत अर्थ तांबडा अकीक असा दिलेला आहे. लंकेतील जवाहिरे मात्र तो अनेक रंगीत खड्यांस सरसकट लावीत. इ. स. १७०३ च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी लंकेतून हॉलंडला नेलेल्या खड्यांपैकी काही तापविले असता राख ओढून घेतात, असे आढळले. १७०७ च्या एका जर्मन ग्रंथात या नव्या नावाजवळच ‘राख ओढणारा’ अशा अर्थाचे डच नावही नोंदलेले आहे. एकाचे नाव असे दुसऱ्यास चिकटले, शास्त्रात रूढ झाले आणि पुन्हा पूर्वेकडे परतले. आज मराठी परिभाषेत ‘तोरमल्ली’ आणि जवाहिऱ्यांच्या तोंडी ‘तुरमली’ ही रूपे आढळतात, ती या फेऱ्याची फळे होत. रसग्रंथांतील ‘वैक्रान्त’ म्हणजे हेच रत्न असे काही अभ्यासक मानतात. पण त्याविषयी मतैक्य नाही, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या वर्णनांवरून ते होणेही कठीण दिसते.

नावाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा विचार अपरिहार्य ठरतो. तेरणेकाठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले. तत्पूर्वी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे पुढे करण्यात आली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते, व दोन्ही पेठांचा माल गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचला जाई. परंतु येथे एक भेद पाळला पाहिजे. या ग्रंथात अकीकजातीचा दगड येतो तो पैठणच्या नावावर. तगरच्या नावावर येते ते मुख्यतः कापड. तगरहून मणी परदेशी जात, असे या ग्रंथाच्या आधारे म्हणता येणार नाही. तेरला मणी होते, हे सांगितले तेथील मातीने. अकीक, स्फटिक, काच, शंख आणि भाजलेली माती यांचे मणी तेथे सापडले आहेत.

तोरमल्ली मात्र या भूमीची नव्हे. धाराशिव जिल्हा हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. त्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक व स्फटिक तयार होतात. रत्नयोग्य तोरमल्लीला निराळ्या जातीचे भरड खडक लागतात. म्हणजे मूळ अर्थाची ‘तोरमल्ली’ तेरच्या पांढरीत आहे, आणि आज त्या नावाने विकला जाणारा खडा बाहेरूनच यावयाचा. ‘तेरच्या पांढरीतील जुनी तुरमली’ म्हणून कोणी अलंकार पुढे केला, तर घेणाऱ्याने प्रथम हेच विचारावे.

जुन्या अलंकारात परीक्षा अधिक अवघड असते. बंद कोंदणात खड्याखाली डाक घातलेला असतो. त्यामुळे दिसणारा रंग खड्याचा की डाकाचा, हे वरून कळत नाही. मागून उघडी बैठक असल्यास खडा उजेडापुढे फिरवून पाहावा. तोरमल्लीचा रंग एका दिशेने गडद व दुसऱ्या दिशेने फिका भासतो. भिंगातून पाहिल्यास मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. काचेत यांपैकी काहीच आढळत नाही. हिरवी तोरमल्ली पाचूसारखी दिसते खरी, आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांचीही तशी फसगत झाली होती. नव्या अलंकारात खडा खरा असूनही त्याचा रंग तापवून वा किरणांच्या योगे पालटलेला असू शकतो, हे वेगळेच.

‘जुना’ या विशेषणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पुरावस्तू जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यांनी जमविले नसते, तर त्यातील किती वस्तू विक्रीत विखुरल्या असत्या याची कल्पनाच करावी. तथापि थरावाचून हाती आलेला मणी आपले वय सांगत नाही, बा. ना. चापेकर यांचा १९६९ साली पुण्याहून प्रसिद्ध झालेला उत्खननवृत्तान्त यासाठीच मोलाचा ठरतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अलंकारास सामान्यतः पुरावस्तू मानले असून तिच्या व्यापारास परवाना लागतो. पांढरीतून उचललेला मणी सोन्यात गुंफून विकला की त्याचे मूल्य वाढते, पण स्थळ मात्र कायमचे हरवते. मग तो पैठणचा की तेरचा, सातवाहनकाळचा की कालपरवा खंबायतेस घडविलेला, हे त्याच्या तांबड्या रंगावरून कोणासही सांगता येत नाही.