गाठीची खूण आणि वयाचा हिशेब

हुबळी आणि धारवाड ही जोडशहरे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात मोडत. त्या काळी या भागातील एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली, तर घरची मंडळी मिरजेच्या मिशन रुग्णालयाकडे अथवा मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे आशेने पाहत. १९५७ साली हुबळीस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे नवनगरात कर्करोगाच्या उपचारासाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. अंतराचा प्रश्न बराचसा सुटला. मात्र आढळलेली गाठ कोणत्या जातीची, हा प्रश्न त्याहून जुना आणि अवघड होता.

त्याचा पहिला धागा ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांच्या हाती लागला. १८९५ साली त्यांनी ३३ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीची अंडाशये काढली आणि तिची गाठ ओसरू लागली. परंतु हा उपाय सर्वांना लागू पडेना. तीन स्त्रियांतून जेमतेम एकीला गुण येई. असे का, याचा उलगडा होण्यास सहा दशके जावी लागली. शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी दाखवून दिले की, इस्ट्रोजेन हे संप्रेरक धरून ठेवणारे ग्राही काही गाठींत असतात, काहींत नसतात. ज्या गाठीत ते असतात, तिच्यावरच संप्रेरकांचा उपचार चालतो. १९८७ साली डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हर-२’ या दुसऱ्या खुणेचे महत्त्व उघड केले आणि १९९८ साली तिच्यावर नेमके औषधही आले.

येथेच वयाचा संबंध येतो. पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने भारतीय स्त्रियांना हा रोग सरासरीने सुमारे १० वर्षे आधी गाठतो; आपल्या लोकसंख्येतील तरुणांचे मोठे प्रमाण हे त्याचे एक कारण होय. वय वाढते तसे इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण वाढते. उलट तरुण वयात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही खुणा नसलेल्या, वेगाने वाढणाऱ्या गाठी तुलनेने अधिक आढळतात. म्हणजे ‘वय लहान आहे, गाठ साधीच असेल’ ही समजूत जिथे सर्वांत घातक, तिथेच ती सर्वांत सहज रुजते.

तथापि वय हा केवळ अंदाज आहे, निर्णय नव्हे. तिशीतील स्त्रीची गाठ संप्रेरकांना दाद देणारी असू शकते आणि सत्तरीतील स्त्रीची नसूही शकते. रक्तातील ‘सीए १५-३’ सारख्या खुणा उपचारानंतरच्या देखरेखीस उपयोगी पडतात. प्रारंभीच्या निदानासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. खरी साक्ष गाठीच्या तुकड्याचीच. तो तुकडा वेळेवर फॉर्मेलिनमध्ये पडणे, त्याची पूर्ण तपासणी होणे आणि तिचा अहवाल रुग्णाने जपून ठेवणे, यांवर पुढील उपचारांची दिशा ठरते. बीटसन यांना जे चाचपडत शोधावे लागले, ते आज धारवाडच्या लेकीसुनेला तपासणीने कळू शकते. तेव्हा गाठ हाताला लागली की वर्षे मोजीत न बसता वैद्याची पायरी चढणे, हेच शहाणपणाचे.